माईक कुणाचा?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दिवाळीला नातवंडं आली, मग ती गेल्यावर घर आवरण्यात दिवस गेले. परवा मुलीचा फोन आला, "आई, तुझा ब्लॉग झोपला की काय?" झोपला नव्हता, डुलक्या घेत होता एवढंच. आज मात्र एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून बसले आहे. विषय क्रिकेटच्या समालोचनाचा आहे. ज्यांना क्रिकेटचा कंटाळा आहे (वन्सं, तुम्हाला उद्देशून!) त्यांनीही वाचावं, कारण प्रश्न शेवटी बोलण्याचा आहे. कुणी बोलायचं, किती बोलायचं आणि बोलल्यावर काय सोसायचं, याचा.

सुरुवात थोडी लांबून करते.

२००७ साली मी आणि हे पहिल्यांदा मुलीकडे न्यूजर्सीला गेलो होतो. जावई ऑफिसातून येताना आम्हाला वाचनालयातून घेऊन घरी सोडत. त्यांच्या गाडीत रेडिओ कायम चालू. त्यात दोन माणसं एकमेकांवर तारस्वरात ओरडत असायची. मला वाटलं काहीतरी भांडण लागलंय. मी विचारलं तर जावई हसले. म्हणाले, "आई, हा कार्यक्रम आहे. रोज दुपारी असतो." न्यूयॉर्कचं ते डब्ल्यूएफएएन नावाचं केंद्र. १९८७ पासून तिथे चोवीस तास फक्त खेळाबद्दल बोलतात. ते दोघे म्हणजे माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो. १९८९ पासून त्यांची जोडी होती, २००८ साली फुटली. शहरातल्या संघांचे मालक, प्रशिक्षक, खेळाडू, कुणालाही सोडायचे नाहीत. मधूनमधून साधी माणसं फोन करायची आणि तीही तावातावाने बोलायची. मला बेसबॉल ओ की ठो कळत नाही, पण ऐकायला मजा यायची. आपल्या गावातल्या पारावर बसल्यासारखं वाटायचं.

एकदा जावई म्हणाले, "आपल्याकडे असा रेडिओवरचा फटकळ माणूस कधी झाला नाही."

मी म्हटलं, "झाला होता. तुमचे हे दोघे जन्मायच्या आधी झाला होता. आमच्या अण्णांना विचारायला हवं होतं तुम्ही."

तर ही त्या माणसाची गोष्ट. ए. एफ. एस. तल्यारखान. मुंबईचा पारशी माणूस, जन्म १८९७ चा. सगळे त्यांना बॉबी म्हणत. भारतात रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन करणाऱ्या अगदी पहिल्यावहिल्यांपैकी ते एक. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर चौरंगी स्पर्धेतल्या पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याचं वर्णन त्यांनी केलं. तेव्हा 'ऑल इंडिया रेडिओ' हे नावसुद्धा नव्हतं, ते १९३६ साली आलं. चौरंगी म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ. नंतर 'इतर' असा पाचवा संघ आला आणि १९३७ पासून ती पंचरंगी झाली. धर्मावर संघ पाडायचे ही कल्पना आज अंगावर काटा आणते, गांधीजींनीही १९४० साली तिच्याविरुद्ध मत दिलं होतं. १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच पडली. पण त्या काळात अख्खी मुंबई त्या सामन्यांच्या मागे असे, आणि ज्यांना मैदानावर जाणं शक्य नव्हतं ते रेडिओच्या मागे.

आमचे अण्णा गिरगावातल्या चाळीत वाढले. रेडिओ म्हणजे श्रीमंतांची चीज, शिवाय पोस्टातून लायसन काढावं लागे. त्यामुळे सामना ऐकायचा तो इराण्याच्या हॉटेलात. आत बसायचं तर चहा घ्यायला हवा, म्हणून तिघांत एक चहा. तोही संपल्यावर इराणी बघायला लागला की बाहेर फुटपाथवर उभं राहायचं. अण्णांचं शिक्षण मराठीतून. तल्यारखान बोलायचे ते फर्डं इंग्रजी. अण्णा म्हणत, "पहिल्या वर्षी मला आकडे आणि नावं तेवढी कळायची. दुसऱ्या वर्षी शब्द कळायला लागले. तिसऱ्या वर्षी तो चिडलाय की खूश आहे हे कळायला लागलं. मग मी क्रिकेट ऐकायला लागलो."

हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलंय. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर त्याचा अर्थ उमगला. भाषा अशीच शिकतात. आधी नावं, मग शब्द, आणि सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याचं मन.

तल्यारखानांची खासियत अशी की ते एकटे बोलत. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी यष्ट्या काढेपर्यंत एकच माणूस. मधे जेवणाची आणि चहाची सुट्टी तेवढी. आज दर अर्ध्या तासाने माणसं बदलतात आणि एका वेळी तिघं बसलेली असतात, तरी मधूनमधून त्यांचा घसा बसतो. विचार करा, दिवसभर एकटं बोलायचं, आणि तेही मैदान न दिसणाऱ्या माणसाला मैदान दाखवायचं. मी पस्तीस मिनिटांचे आठ तास घेऊन घरी आले की यांच्याशीसुद्धा बोलायची नाही. (हे म्हणतात, तेच दिवस बरे होते.)

पण अण्णांना त्यांचं एकटं बोलणं आवडायचं ते या दमासाठी नव्हे. अण्णा म्हणत, "वाईट खेळला तर तो वाईट खेळला म्हणायचा." बस्स, एवढंच. झेल सुटला तर 'दुर्दैवाने सुटला' नाही, सुटला. आवडता खेळाडू असो की कुणी मोठ्या घरातला असो. फुटपाथवर उभ्या असलेल्या पोरांना मैदानावरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसणारी एकच गोष्ट म्हणजे त्या माणसाचा आवाज. तो आवाज खोटं बोलला असता तर त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून त्याने खरं बोलणं त्यांच्या लेखी फार मोठं होतं.

मग १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. पाच कसोटींची मालिका. तुमच्यातल्या क्रिकेटवेड्यांना मुंबईची शेवटची कसोटी माहीत असेल. जिंकायला ३६१ हव्या होत्या, हजाऱ्यांनी शतक ठोकलं, आणि ३५५ वर ८ बाद असताना पंचांनी वेळ संपायच्या आतच खेळ थांबवला. सहा धावा कमी पडल्या. अण्णा वारेपर्यंत त्या पंचांचं नाव तोंडातून काढत नसत, 'तो' म्हणत. तर याच मालिकेच्या वेळी रेडिओवाल्यांनी ठरवलं की एकाऐवजी तीन समालोचक असावेत. आळीपाळीने बोलायचं. तल्यारखानांना ते मान्य नव्हतं. माईक वाटून घेणार नाही म्हणाले आणि बाहेर पडले. राजीनामा!

इथे मला दोन्ही बाजू सांगायला हव्यात, नाहीतर मी अण्णांचीच मुलगी राहीन आणि मास्तरीण राहणार नाही.

रेडिओवाल्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. एवढा मोठा देश आणि एकच माणूस सामना सांगणार, हे किती दिवस चालणार होतं? फुटपाथवरच्या पोरांना काही दिसत नाही म्हणून त्यांचा एकाच माणसावर विश्वास, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या एका माणसाचं काही चुकलं तर? त्याचा कुणावर राग असला तर? दुसरा आवाज असेल तरच पहिल्याची पारख होते. आम्ही बोर्डाचे पेपर तपासायचो तेव्हा एकाने तपासलेल्या उत्तरपत्रिका मॉडरेटर पुन्हा बघायचा. मला त्याचा राग यायचा, पण त्यामुळे किती मुलांचे मार्क वाचले तेही मी पाहिलं आहे. त्या राजीनाम्यात तल्यारखानांचा स्पष्टवक्तेपणा किती आणि अहंकार किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. एक नक्की, आपला माईक म्हणजे आपली जहागीर असं वाटायला लागलं की माणूस कितीही खरा असला तरी चुकीच्या वाटेला लागतो.

पण दुसरी बाजूही ऐका. तल्यारखान गेले आणि गप्प बसले का? नाही. ते इंग्रजी वर्तमानपत्रांतून खेळावर लिहीत राहिले, आणि तसंच लिहीत राहिले जसं बोलत होते. 'डू यू गेट मी, स्टीव्ह?' हे त्यांच्या सदराचं प्रसिद्ध पालुपद. म्हणजे, 'स्टीव्ह, येतंय का लक्षात?' मला त्यात पारशी आजोबा समोर बसून टेबलावर बोट आपटतायत असं दिसतं. नव्वदी ओलांडून १९९० साली ते गेले. म्हणजे माईक सुटल्यानंतर चाळीस वर्षं तो माणूस बोलत होता. फक्त तोंडाऐवजी हातानं.

मी त्यांना ऐकलं ते अगदी शेवटी. १९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ आला होता, तेव्हा दिवसभराचा खेळ संपल्यावर त्याचा आढावा घ्यायला तल्यारखान रेडिओवर परत आले. माझं बी.ए. नुकतंच झालं होतं, नोकरी शोधत होते. घरात आता स्वतःचा ट्रान्झिस्टर होता. फेब्रुवारीतली मुंबईची कसोटी, ब्रेबॉर्नवर. विश्वनाथचं शतक झालं तेव्हा त्या ताडमाड ग्रेगने त्याला तान्ह्या बाळासारखं उचलून घेतलं, तीच ती. संध्याकाळी अण्णा ट्रान्झिस्टर कानाला लावून गॅलरीत बसले. ऐकून झाल्यावर मी विचारलं, "तसेच आहेत का हो?" अण्णा म्हणाले, "आवाज म्हातारा झालाय. माणूस तसाच आहे."

त्याच काळात आमच्या घरात दुसरा एक आवाजही लागायचा. रविवारी विविध भारतीवर 'क्रिकेट विथ विजय मर्चंट'. तेही खरं बोलायचे, पण किती मृदू! हेच मर्चंट १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी आपला वाडेकर कर्णधार झाला. एवढा कडक निर्णय घेणारा माणूस रेडिओवर मात्र शिकवणीच्या मास्तरांसारखा शांतपणे बोलायचा. आणि मराठीत आमचे बाळ ज. पंडित होते, ज्यांनी क्रिकेट मराठीत कसं बोलायचं हेच आम्हाला शिकवलं. हे एवढ्यासाठी सांगतेय की फटकळपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरं बोलणारा ओरडेलच असं नाही, आणि ओरडणारा खरं बोलत असेलच असंही नाही. आजच्या टीव्हीवरच्या चर्चा बघून हे मी वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ठीक, पण आज अचानक तल्यारखान का आठवले?

सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, गणितात काठावर पास, पण वाचन असं करायचा की धडा जिवंत व्हायचा. आता रिक्षा चालवतो. आणि डिसेंबर ते मे टेनिस बॉलच्या सामन्यांना समालोचन करतो. आमच्या रायगडात या सामन्यांचं प्रस्थ काय आहे हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कळणार नाही. शेतात भातकापणी झाली की खेळपट्टी तयार. रात्रीचे दिवे लावून सामने, बक्षिसाला मोटारसायकल, कधी त्याहून मोठं काहीतरी, आणि सगळं यूट्यूबवर लाइव्ह. गावचा पोरगा दुबईत नोकरीला असतो आणि मोबाईलवर आपल्या वाडीचा सामना बघतो. समालोचक म्हणजे त्या रात्रीचा राजा. आमचा हा विद्यार्थी आगरी बोलीत असं काही बोलतो की म्हाताऱ्या बायका पायरीवर बसून ऐकतात.

मागच्या मोसमात एका चषकाच्या उपांत्य सामन्यात दोन डावांच्या मधे पाहुणे आले. मग सत्कार. शाल, श्रीफळ, हार, भाषण. मग दुसरे पाहुणे, पुन्हा शाल, श्रीफळ, हार, भाषण. पाऊण तास गेला. तोवर दव पडलं. दुसऱ्या डावात गोलंदाजी करणाऱ्या संघाचा चेंडू साबणासारखा हातातून निसटायला लागला आणि ते हरले. हा माईकवर बोलून गेला, "मंडली, ह्ये पोरं काय हारली नाय, यांना हारतुऱ्यांनी हारवली!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. पुढच्या पाच मिनिटांत माईक दुसऱ्याच्या हातात गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, जाहीर माफी मागायची, नाहीतर अख्ख्या तालुक्यात या मोसमात माईक मिळणार नाही.

तो माझ्याकडे आला. ओट्यावर बसला. "बाई, काय करू?" घरी दोन मुलं, मोठीचं कॉलेज, रिक्षाचा हप्ता. समालोचनाच्या पैशांवर मोसमात घर बरं चालतं. मी जास्त विचार केला नाही. म्हटलं, "माफी माग. पोटापुढे शहाणपण नसतं."

त्याने मागितली. माईक परत मिळाला.

आणि मग मी एका रात्री नातवाकडून यूट्यूब लावून घेतलं आणि त्याला ऐकलं. "अतिशय सुंदर फटका. अतिशय सुंदर क्षेत्ररक्षण. अतिशय सुंदर आयोजन." सोप्पा झेल टाकलेल्या पोराबद्दलही, "अतिशय सुंदर प्रयत्न." आवाज तोच, आणि ऐकवेना. अर्ध्या तासात मी बंद केलं. नातू म्हणाला, "आजी, झोप आली का?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून मनात एकच चाललंय की मी त्याला चुकीचा सल्ला दिला का?

हे फक्त आमच्या वाडीतलं आहे असंही नाही. वरच्या थरातही तेच आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या इयन चॅपेलने भारतातल्या मालिकेचं समालोचन नाकारलं, कारण संघनिवड, मंडळाचा कारभार आणि पंचांच्या फेरविचाराची ती पद्धत यांबद्दल बोलायचं नाही अशी अट होती. २०१६ साली आपला हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचनातून अचानक गायब झाला, आणि आपल्याला कारण सांगितलेलं नाही असं त्याने स्वतः लिहिलं. २०१९ च्या विश्वचषकात संजय मांजरेकरने रवींद्र जडेजाला तुकड्या-तुकड्यांतला खेळाडू म्हटलं. जडेजाने उपांत्य सामन्यात ७७ धावा ठोकून उत्तर दिलं आणि मांजरेकरने ते मोकळेपणी मान्यही केलं. माझ्या मते हिशेब तिथेच पूर्ण झाला होता. एकाने मत दिलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं. पण २०२० च्या मार्चमध्ये मंडळाने मांजरेकरला आपल्या समालोचकांतून वगळलं. नंतर तो दुसऱ्या वाहिन्यांवर परत दिसला, ही गोष्ट वेगळी.

मला मांजरेकरचं ते वाक्य आवडलं नव्हतं. पण आवडलं नाही म्हणून माईक काढून घेणं आणि आवडलं नाही म्हणून ७७ धावा काढणं, यातलं दुसरं मला मर्दानी वाटतं.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एक फार महत्त्वाचा निकाल दिला होता, आणि गंमत म्हणजे तो क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून झालेल्या भांडणातून आला. आकाशातल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असं न्यायालय म्हणालं. मी तेव्हा नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते, वर्गात ती बातमी वाचून दाखवली होती. वाटलं होतं, आता गल्लोगल्ली रेडिओ होतील, आपापल्या गावचं बोलतील. २००१ पासून खासगी एफएम आले खरे, पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना बंदी. स्थानिक सामन्यांचं समालोचन करायची मुभा २०११ च्या धोरणात मिळाली, तोवर सगळ्यांना गाण्यांची सवय झाली होती. न्यूयॉर्कच्या त्या दोघांसारखा माणूस आपल्याकडे का झाला नाही याचं एक कारण हेच आहे. आपल्याकडे तोंडाळ माणसांचा तोटा कधीच नव्हता! त्यांना बसायला जागाच दिली गेली नाही. लहरी जनतेच्या झाल्या, माईक मात्र कुणाचातरीच राहिला. आधी सरकारचा, मग मंडळाचा, आणि आमच्या वाडीत चषकवाल्यांचा.

म्हणून तल्यारखानांच्या आयुष्याकडे मी आता अण्णांपेक्षा वेगळ्या नजरेने बघते. अण्णांना त्यांच्यातला निडर माणूस दिसायचा. मला दिसतं ते असं की त्या माणसाला दुसरी चूल होती. माईक सोडला तरी लेखणी हातात होती. इंग्रजी होतं, ओळखी होत्या, मुंबईसारखं शहर होतं. राजीनामा देणं त्यांना परवडत होतं. यात त्यांचा कमीपणा नाही, परवडत असूनही न देणारेच जास्त असतात. पण आपण घरात बसून रिक्षावाल्या पोराला 'तल्यारखान हो' म्हणणं, हे बरोबर नाही. निडरपणाला आधी तांदूळ लागतात.

मग माझा सल्ला बरोबर होता? अर्धा.

शाळेत मी मुलांना एक सांगायची. भांडण झालं की माफी मागायला लावायची, पण आधी विचारायची, "कशाबद्दल मागतोस?" शिवी दिली असशील तर शिवीबद्दल माग. पण त्याने तुझी पेन्सिल घेतली असेल, तर 'घेतली नव्हती' असं म्हणू नकोस. बोलण्याच्या पद्धतीबद्दल माफी मागता येते. घडलेल्या गोष्टीबद्दल नाही. दव पडलं होतं. सत्काराला पाऊण तास गेला होता. हे माझ्या विद्यार्थ्याने केलेलं नव्हतं, त्याने फक्त पाहिलं होतं. मी त्याला हा फरक सांगायला हवा होता. 'पाहुण्यांचा अपमान झाला असेल तर क्षमा असावी, पण सामना थांबला होता तो थांबला होता.' एवढं म्हणून बघ, असं सांगायला हवं होतं. मी घाबरून त्याला सरसकट माफी मागायला लावली, आणि त्याला बिचाऱ्याला वाटलं की चूक खरं दिसण्यातच होती. म्हणून आता त्याला सगळंच 'अतिशय सुंदर' दिसतं. चाळीस वर्षं शिकवून ही चूक माझ्या हातून झाली.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांसाठी. त्या रात्री तो बोलला तेव्हा शेकडो लोक हसले, टाळ्या वाजवल्या. माईक काढून घेतला तेव्हा त्यातला एकही उठला नाही. मी तिथे असते तर उठले असते का? गुडघ्यांचं कारण सांगून बसूनच राहिले असते. आपल्याला स्पष्ट बोलणारा माणूस हवा असतो, पण शेजारच्या घरात. अण्णा आणि त्यांचे मित्र फुटपाथवर उभे राहून जे ऐकत होते त्याची किंमत त्यांनी काय दिली? एक तृतीयांश चहा. आपण तर तेवढीही देत नाही, मोबाईलवर अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो.

गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. म्हटलं, "माझं चुकलं." तो गडबडलाच. बाईंचं चुकतं हे त्याला बहुधा नवीन होतं. मग त्याला तल्यारखानांची सगळी गोष्ट सांगितली, माईक गेला तरी चाळीस वर्षं कसं लिहीत राहिले ते सांगितलं. म्हटलं, "चषकवाल्यांच्या माईकवर त्यांचं खा, त्यांचं गोड बोल, पण झेल सुटला तर सुटला म्हण. आणि सामना संपल्यावर घरी जाऊन स्वतःच्या मोबाईलवर दहा मिनिटं स्वतःचं बोल. तिथे माईक तुझा. नातवाला सांगते, तो तुला चॅनेल काढून देईल."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बघतो बाई." शेवटच्या बाकावरची मुलं 'बघतो' म्हणतात तेव्हा काय समजायचं, हे मला आजवर कधी कळलेलं नाही. पण नातवाला सांगून ठेवलंय.

असो. आज फारच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांनी तल्यारखानांना ऐकलं असेल, तर त्या आठवणी जरूर कळवा. आणि वन्सं, इथपर्यंत वाचलंत का ते फोन करून सांगा. खरं खरं सांगा. 'अतिशय सुंदर' चालणार नाही.